शेक : घरगुती उष्णोपचाराची पद्धती आणि परिभाषा

औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या शेकाच्या पिशवीबरोबर एक लहानसे पत्रक असते. पिशवीत कधी धान्य, तर कधी जेल म्हणून ओळखला जाणारा घट्ट, बुळबुळीत पदार्थ भरलेला असतो. आणि ती मायक्रोवेव्ह भट्टीत अमुक मिनिटे ठेवून मग दुखऱ्या भागावर धरावी, असे त्या पत्रकावर सांगितलेले असते. उदगीर, देगलूर, मुखेड या बाजूच्या कित्येक घरांत अशी भट्टी नाही, आणि जेथे ती आहे तेथेही ऐन वेळी वीज असेलच असे नाही. पिशवी मात्र घरात येते. गुडघा धरलेली वृद्ध स्त्री ती हातात घेते, पत्रक नातवाकडून वाचून घेते, आणि मग ती पिशवी चुलीवर, तव्यावर की पाण्यात तापवावयाची, व किती तापवावयाची, हा प्रश्न उभा राहतो.

वरवर पाहता हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा वा वैद्यकाचा आहे; भाषाभ्यासकाचा त्याच्याशी संबंध काय, असे कोणास वाटेल. परंतु पत्रकावरील मिनिटांचे माप जेथे निरुपयोगी ठरते, तेथे माणसे आपल्या भाषेतील मापाकडे वळतात. हे माप मराठीत पुष्कळ बारकाईने घडलेले आहे. ते कोठे विश्वसनीय आहे आणि कोठे दगा देते, हे पाहणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

पाण्याच्या उष्णतेसाठी मराठीत कोमट, ऊन, कढत, कडकडीत अशी चढती पायरी आहे. त्वचेला जाणवणाऱ्या उष्णतेची शब्दावली याहून वेगळी. पांघरुणाची ती ऊब, विस्तवाजवळ बसले असता लागते ती धग, वाऱ्याबरोबर दुरून येते ती झळ, भांड्याखाली असते ती आच, आणि क्षणभराच्या स्पर्शाने बसतो तो चटका. यांत शेक या शब्दाचे स्थान निराळे आहे. शेकाची उष्णता बाहेरून येते, काही काळ टिकते, अंगाच्या विशिष्ट भागावर योजली जाते, आणि ती हितासाठी असते. यांपैकी एक अट जरी सुटली तरी मराठी भाषक शेक हा शब्द सोडून दुसरा उचलतो. हिताची अट सुटली की तो 'पोळले' किंवा 'भाजले' म्हणतो.

स्वयंपाकघरातील वापरानेही हेच स्पष्ट होते. वांगे भाजतात, पापड भाजतात, भाकरी तव्यावर भाजतात. पण तीच भाकरी तव्यावरून उतरवून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी केली म्हणजे ती शेकतात. भाजण्यात पदार्थाचे रूप पालटते; शेकण्यात आधीच सिद्ध झालेल्या पदार्थाला बेताची उष्णता लागते. माणसाचे अंग शेकावयाचे असते, भाजावयाचे नसते, हा भेद भाकरी करणाऱ्या हाताला समजावून सांगावा लागत नाही. लाक्षणिक प्रयोगांत मात्र शेकणे उलटते. 'पाठ शेकून काढली' यात मार आहे, आणि 'ते प्रकरण त्याला चांगलेच शेकले' यात हानी. हितकर उष्णता प्रमाणाबाहेर गेली की काय होते, याची जाणीव भाषेने या प्रयोगांत जपून ठेवली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी थोडे विषयांतर येथे क्षम्य ठरावे. संस्कृतातील सेक म्हणजे शिंपणे, ओतणे; आणि आयुर्वेदात ऊन काढ्याची धार अंगावर धरण्यास परिषेक म्हणतात. शेक आणि सेक यांचा संबंध त्यामुळे सहज सुचतो. इ आणि ए या स्वरांपूर्वी सकाराचा शकार होणे मराठीस नवे नाही. सिंदूर – शेंदूर, सीवन – शिवण ही उदाहरणे परिचितच आहेत. अडचण आहे ती ककाराची. दोन स्वरांमधला एकटा क प्राकृतात लोपतो. कोकिलाची कोईल होते. शेकातील क टिकून आहे, तेव्हा तो द्वित्वयुक्त रूपातून आला असावा किंवा संस्कृत शब्दाच्या वजनाने राखला गेला असावा. हिंदीतील सेंक या रूपातील अनुनासिक तर आणखी एक गाठ घालतो. अर्थाच्या बाजूनेही ओल्या धारेपासून कोरड्या विटेपर्यंतचा प्रवास मानावा लागतो. सेक हीच व्युत्पत्ती निर्विवाद धरून चालणे म्हणूनच धाडसाचे होईल.

उदगीरच्या परिसरात हा शब्द एकटा नाही. हे गाव १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या आणि पुढे राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. भाषावार पुनर्रचनेनंतर ते उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आहे. बाजारात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चारही भाषा कानावर पडतात. कन्नडमध्ये शेकास 'शाख' किंवा 'कावु' म्हणतात. कोंबडी अंडी उबविते त्या उबेसही 'कावु'च म्हणतात, आणि तव्याला असलेला 'कावली' हा शब्द त्याच कुळातला दिसतो. तेलुगूतील 'कापडम्' हाही तापण्याच्या द्राविड धातूशी जोडला जातो. दखनी बोलणारा 'सेकना' म्हणतो. शब्दांची घराणी दोन. पण तवा, फडके, मिठाची पुरचुंडी आणि विटेचा तुकडा ही साधने सर्वांची एकच.

आता त्या साधनांकडे वळू. एक किलोग्रॅम पदार्थ ६० अंश सेल्सिअसवरून ४० अंशांपर्यंत निवताना किती उष्णता देतो, हे पाहिले म्हणजे त्यांतला फरक ध्यानात येतो. पाणी सुमारे ८४ किलोज्यूल देते, कोरडे धान्य त्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणजे ३४ च्या आसपास, मीठ व वीट १७ च्या जवळपास, वाळू १६. मग वाळू आणि वीट यांचा शेक लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या का घेतला? कारण वीट पाण्यापेक्षा पुष्कळच अधिक तापविता येते, आणि मग फडक्याच्या चार पदरांत गुंडाळून तिची उष्णता हळूहळू काढून घेता येते. पदर कमी करीत जाणे हीच तेथे नियंत्रणाची कळ असते. धान्याचा गुण दुसरा. दाण्यादाण्यांत हवा असल्याने ते उष्णता सावकाश सोडते, सांध्याच्या आकाराप्रमाणे वळते, आणि दाण्यात मूळचाच जो ओलावा असतो त्याची किंचित वाफ होऊन शेक कोरडा लागत नाही.

मायक्रोवेव्ह भट्टी मुख्यतः याच ओलाव्यावर काम करते. भट्टी नसेल तेव्हा धान्याची पिशवी तव्यावर टाकणे हा पहिला विचार सुचतो, आणि तो चुकीचा आहे. तव्याला टेकलेले कापड करपते. कापडात कृत्रिम धागा असल्यास वितळून चिकटते. आतले धान्य मात्र मध्यभागी गारच राहते. शिवण उसवून धान्य मोकळे करावे, जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत हलवीत ऊन करावे, आणि मग सुती पिशवीत भरावे, हा मार्ग निर्धोक आहे. घरीच पिशवी शिवावयाची असेल तर तिला नाडीचे तोंड ठेवावे म्हणजे उसवण्याचा खटाटोप पडत नाही. तांदूळ, गहू, ज्वारी यांपैकी काहीही चालते. ज्वारीच्या बाबतीत एक इशारा आपोआप मिळतो. तिची लाही फुटू लागली म्हणजे धान्य शंभर अंशांच्या कितीतरी पुढे गेले आहे, आणि ते लगेच पिशवीत भरणे धोक्याचे आहे. वारंवार तापवून धान्यातील ओलावा उडून गेला, करपल्याचा वास येऊ लागला, की ते टाकून नवे घ्यावे. अतिशय कोरडे झालेले धान्य पिशवीत धुमसू शकते. धान्याची पिशवी वाफेवर धरण्याची युक्तीही काही ठिकाणी सांगतात. तिने धान्य भिजते आणि पुढे बुरसते. वाफ वापरावयाची तर पंचा वाफवून वा कढत पाण्यात बुडवून, पिळून वापरावा.

जेलची पिशवी याच्या उलट आहे. तिला कोरडी आच कधीही लावू नये. पाणी उकळून पातेले चुलीवरून खाली उतरवावे आणि मग पिशवी त्यात काही मिनिटे बुडवून ठेवावी. उकळत्या पाण्यात, भांड्याच्या बुडाला टेकलेली पिशवी फुटते. या उपायाची सूचना बहुधा पत्रकावरही असते, परंतु ती भट्टीच्या सूचनेखाली बारीक अक्षरांत असते.

तिसरा एक प्रकार पाहण्याजोगा आहे. पारदर्शक पिशवीत द्रव आणि त्यात धातूची एक लहान चकती असते. चकती दाबली की 'टक' असा आवाज होऊन द्रव पाहता पाहता गोठतो आणि पिशवी ऊन होते. हा सोडियम ॲसिटेटचा जलयुक्त क्षार होय. तो ५८ अंशांस वितळतो, पण शांतपणे निवविल्यास खोलीच्या तापमानालाही द्रवच राहतो. चकतीने त्याला स्फटिक होण्याची चेतना मिळाली की वितळताना घेतलेली उष्णता तो परत करतो. किलोग्रॅममागे ती अडीचशे किलोज्यूलहून अधिक भरते, म्हणजे वर सांगितलेल्या पाण्याच्या आकड्याच्या तिप्पट. या पिशवीला मायक्रोवेव्ह वर्ज्यच आहे, कारण आत धातू आहे. फडक्यात गुंडाळून ती पाण्यात उकळावी, आणि एकही स्फटिक शिल्लक राहिला नाही असे पाहून बाहेर काढावी. एखादा कण उरला तर निवताना द्रव पुन्हा आपोआप गोठतो आणि श्रम वाया जातात. उदगीर समुद्रसपाटीपासून बरेच उंचावर असल्याने तेथे पाणी शंभर अंशांच्या थोडे अलीकडेच उकळते, पण या कामास त्याने काही उणे पडत नाही. चकती दाबल्यावर ही पिशवी ५८ अंशांच्या वर जाऊ शकत नाही. उकळून नुकतीच काढलेली पिशवी मात्र त्याहून पुष्कळ तापलेली असते, हे विसरू नये.

रबराच्या पिशवीचा इतिहास १९०३ पर्यंत मागे जातो. झाग्रेब येथील स्लावोल्युब पेंकाला या संशोधकाने 'थर्मोफोर' या नावाने तशी पिशवी त्या वर्षी काढली. मराठी घरात तिच्याबरोबर एक जुना शब्द कामाला आला, तो विसण. न्हाणीतील कढत पाण्यात घालावयाच्या थंड पाण्यास विसण म्हणतात. बंबातले पाणी घंगाळात काढून विसण घालणाऱ्या घरास रबरी पिशवीत उकळते पाणी ओतू नये हे सांगावे लागले नसावे. विसण घातलेले पाणी, दोन तृतीयांश भरलेली पिशवी, दाबून काढलेली हवा आणि घट्ट बसविलेले बूच, एवढ्यात तिचे शास्त्र संपते.

या सर्वांत जुना आणि आजही न लोपलेला प्रकार मात्र पिशवीविनाच आहे. तान्ह्या बाळाचे पोट दुखू लागले की घरातली वडीलधारी स्त्री आपला तळहात दिव्यावर किंवा निखाऱ्यावर धरते आणि तो बाळाच्या पोटावर ठेवते. कंदील होते तेव्हा कंदिलाच्या काचेवर फडके ऊन करून आधी ते स्वतःच्या गालाला लावीत आणि मग बाळाच्या छातीला. येथे देणारीच्या त्वचेतून गेल्याखेरीज उष्णता घेणाऱ्याकडे पोचतच नाही. 'शेक देणे' या प्रयोगातील देणारी व्यक्ती म्हणजे केवळ व्याकरणातला कर्ता नव्हे, ती तापमापकही असते. शेकाची पिशवी घरात आल्यापासून ऐकू येणारा प्रयोग बहुधा 'शेक घेणे' हा आहे. दुखणे ज्याचे, पिशवी त्याच्याच हातात, आणि परीक्षाही त्याचीच. देणे जाऊन घेणे आले, तेव्हा मधली एक त्वचा गळाली.

घेणाऱ्यापाशी जे माप उरते ते 'सोसेल' या शब्दाचे. 'सोसेल इतके गरम' हे घराघरांत सांगितले जाते, आणि त्यात शास्त्रीय तथ्य आहे. निरोगी त्वचेला उष्णता वेदना म्हणून जाणवू लागते ती ४३ ते ४५ अंशांच्या सुमारास. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ४४ अंशांचा संपर्क त्वचा भाजण्यास सुमारे सहा तास घेतो, तर ६० अंशांचा सुमारे पाच सेकंद, असे आढळले. म्हणजे सोसण्याची सीमा आणि अपायाची सीमा एकमेकींना जवळजवळ लागून आहेत. 'सोसेल' हा शब्द नेमक्या त्या बांधावर उभा आहे.

परंतु हे माप तीन ठिकाणी चुकते. त्वचा उष्णतेला सरावते. 'आता काही लागत नाही' असे म्हणून फडक्याचा एक पदर काढला जातो, आणि पिशवी पोटाशी धरून झोप लागली तर कमी तापमानही काम करून जाते. दुसरे, परीक्षा घेणारा हात. जन्मभर भाकरी थापलेल्या आणि तव्यावरून उलटलेल्या तळहाताला पन्नास अंशांचे फारसे काही वाटत नाही. त्या हाताने 'बरोबर आहे' म्हटलेली पिशवी नातवंडाच्या अंगाला चटका देते. बाळाच्या न्हाणाचे पाणी कोपराने पाहण्याची रीत याच कारणाने पडली असली पाहिजे. तिसरी चूक सर्वांत गंभीर. दीर्घकालीन मधुमेहात पायांच्या मज्जातंतूंची संवेदना मंदावते. अशा रुग्णास सर्व काही सोसते, कारण काहीच कळत नाही. पिशवी काढल्यावर फोड दिसतो, तो चिघळतो, आणि मधुमेही पायाची जखम लवकर भरून येत नाही. प्रसंगी बोट किंवा पाऊलही गमवावे लागते.

येथे चरकसंहितेची आठवण होणे अपरिहार्य आहे. सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात, म्हणजे स्वेदाध्यायात, अग्नीच्या साहाय्याने द्यावयाच्या स्वेदाचे तेरा प्रकार दिले आहेत. त्यांतील पहिला संकरस्वेद म्हणजे आजच्या पुरचुंडीचाच पूर्वज. तीळ, उडीद, कुळीथ यांचे पिंड ओल्या शेकास आणि वाळू, दगड, शेणी, लोखंड यांचे कोरड्या शेकास सांगितले आहेत. डोळे, हृदय व वृषण यांना स्वेद देऊ नये किंवा अगदी मृदू द्यावा, असाही दंडक आहे. आणि स्वेद ज्यांना देऊच नये अशांच्या यादीत गर्भिणी, रक्तपित्ताचे व अतिसाराचे रोगी यांच्याबरोबर मधुमेही स्पष्ट नावाने आला आहे. मज्जातंतूंचे आजचे ज्ञान चरकाच्या माथी मारण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. त्याची उपपत्ती दोषांची आहे, आणि त्याचा मधुमेह व आजचा मधुमेह तंतोतंत एक नव्हेत. निषेधाचे कारण वेगळे असूनही निषेध योग्य ठिकाणी पडला आहे, एवढेच म्हणता येते. आश्चर्य याचे की तव्यावरच्या मिठाची पुरचुंडी घराघरांत टिकली, तरी ही यादी तिच्याबरोबर टिकली नाही.

ताजी मुरगळ, नुकती आलेली सूज, आणि कारण न कळलेली तीव्र पोटदुखी यांवर शेक देऊ नये, हे वैद्य व डॉक्टर सांगतातच. त्याचा विस्तार येथे नको.

राहिला पत्रकाचा प्रश्न. त्यावरील मराठी मजकूर बहुधा इंग्रजीवरून उतरविलेला असतो, आणि त्यात 'गरम' हा एकच शब्द कोमटापासून कडकडीतापर्यंत सर्वत्र राबविला जातो. 'दोन मिनिटे गरम करा' या सूचनेचा भट्टीबाहेर काहीच अर्थ होत नाही. दोन मिनिटे कशावर, हे त्यात नाही. भाषेत तयार असलेले शब्द वापरले तर मजकूर वाढणारही नाही. पिशवी कढत नको, ऊन असावी. तव्यावर ठेवू नये. पाणी उकळून खाली उतरविल्यावर त्यात बुडवावी. फडक्याचे दोन पदर मध्ये असावेत. ज्याला शेक द्यावयाचा त्याने नव्हे, दुसऱ्या कोणी तरी ती मनगटाच्या आतील बाजूस अर्धे मिनिट धरून पाहावी, आणि तेथे चटका जाणवला तर आणखी एक पदर घालावा. रुग्णास मधुमेह असून पावले बधिर असतील, तर पावलांना शेक देऊच नये. लोकरी मोजे आणि वाकळ यांची ऊब त्यांना पुरे.